अर्ध्या भाड्याची खोली

मिनिया, २७ डिसेंबर १९८८

प्रिय इग्लाल,

सनियाचा सलाम. तू आणि रीहाम दोघी खुशाल असाल अशी आशा आहे.

पत्र बघून दचकू नकोस, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. दोन वर्षांनी एकदम लिहायला बसले त्याला कारण ही तीन कार्टी. वाइलच्या वर्गात मास्तरांनी अलेक्झांड्रियाच्या किल्ल्याचं चित्र लावलंय, तेव्हापासून त्याने डोकं खाल्लंय. बारा वर्षांचा झाला, पण नाईल सोडून दुसरं पाणी पाहिलं नाही. त्याचं बघून अबीर आणि हुसामही तेच घोकतात. हुसाम तर मला विचारतो, समुद्राला पलीकडचा काठ नसतो हे खरं का.

जानेवारीच्या शेवटी सहामाहीची सुट्टी लागते. उन्हाळ्यात सगळी दुनिया तिकडे लोटते, तेव्हाची भाडी आम्हाला झेपायची नाहीत. थंडीत सगळं निम्म्यात होतं असं फतहीच्या कचेरीतले लोक म्हणतात. मुलांच्या बापाला रजा नाही, तेव्हा मी आणि मुलंच. तिसऱ्या वर्गाने येऊ, हुसाम मांडीवर. उकडलेली अंडी, भाकऱ्या आणि काकवीचा डबा घेतला की पहिला दिवस तरी बाहेर खायला नको. चार रात्री राहायचं. तुमच्याकडे जागा झाली तर उत्तमच, नाहीतर स्वस्तातली एखादी खोली सुचव. मुलांना फुकटात काय काय दाखवता येईल तेही कळव.

आणि तुझं कसं चाललंय? दुपारी घरीच असतेस ना? रीहाम शाळेतून येते तेव्हा तिच्याजवळ कोण असतं? तुमच्या वरच्या मजल्यावर ते खलाशी भाडेकरू होते, ते अजून आहेत का? सहज विचारते.

तुझी,
सनिया


अलेक्झांड्रिया, ३ जानेवारी १९८९

आदरणीय सनियाताई,

तुमचं पत्र मिळालं. मुलांचं वाचून रीहाम नाचायलाच लागली. अबीर तिच्याच वयाची, म्हणजे दोघींचं छान जमेल.

ताई, मनापासून सांगते, घरात सध्या गिलाव्याचं काम काढलंय. भिंतींना ओल आली होती. त्या धुळीत मुलांचे हाल होतील. पण मी खोली बघून ठेवली आहे. इब्राहिमियात, ट्रामच्या थांब्यापासून तीन मिनिटांवर इनायत हाजीण म्हणून एक विधवा बाई लॉज चालवतात. तिसरा मजला, लिफ्ट बंद. एक मोठा पलंग, एक लहान. खिडकीतून मान वाकडी केली की समुद्र दिसतो. नाश्त्यासकट रात्रीचे चार पौंड. याहून स्वस्त आणि स्वच्छ तुम्हाला कुठे मिळणार नाही.

किल्ला आणि त्याच्या शेजारचं मत्स्यालय एका दिवसात होईल. मुंतझाच्या बागेला दुसरा दिवस द्या, तिकीट नाममात्र आहे, डबा नेला तर संध्याकाळपर्यंत मुलं हलत नाहीत. खरी गंमत ट्रामची. दुमजली डब्यात वर, अगदी पुढे बसवा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. काही पियास्तरांत अर्धं शहर बघून होतं. खाली उतरल्यावर भाजलेली रताळी.

एकच आहे, २८ तारखेच्या सुमाराला इथे दरवर्षी वादळ येतं. आम्ही त्याला करम म्हणतो. तारीख पुढे ढकलता आली तर बघा. नाही जमलं तर लोकरीचे कपडे आणा.

रगब बहिणीला सलाम सांगतात. कंपनीच्या कामाने ते बंदरावरच अडकलेले असतात, तेव्हा भेट होईलच असं नाही.

यापुढे पत्र घरच्या पत्त्यावर नको. रखवालदार नवा आहे, पत्रं हरवतात. इब्राहिमिया पोस्टात माझ्या नावाने ठेवायला लिहा.

तुमची,
इग्लाल


मिनिया, ९ जानेवारी १९८९

प्रिय इग्लाल,

एवढ्या लवकर उत्तर दिलंस, बरं वाटलं. मुलांनी तुझं पत्र इतक्यांदा वाचलंय की घडीवर कागद विरलाय. वाइलने वहीत ट्रामचे थांबे लिहून काढलेत.

पण फतहीच्या मनात किंतु आलाय. त्याच्या कचेरीतला एकजण गेल्याच महिन्यात तिकडे जाऊन आला. त्याला आठ पौंडांत जी खोली मिळाली तिची खिडकी जिन्यात उघडत होती, आणि नाश्ता नव्हताच. मग नाश्ता आणि समुद्र धरून चार पौंड कसे? तो म्हणतो, एवढ्या स्वस्तात खोली देणाऱ्याचा पैसा दुसरीकडून येत असणार. वाईट वाटून घेऊ नकोस, मुलं घेऊन एकटी येणार म्हणून विचारते. तिथे कोण उतरतं? कुटुंबं, की एकटे पुरुषही? ही हाजीणबाई तुझ्या ओळखीची कशी? तुझं तिथे जाणंयेणं असतं का?

दुसरं म्हणजे, भर जानेवारीत गिलावा? इथे कोरड्या हवेतसुद्धा थंडीत कुणी भिंतीला हात लावत नाही, तुमच्याकडे तर तो वाळायचाही नाही. आणि पोस्टात पत्र ठेवायचं म्हणजे बिऱ्हाड नसलेल्या माणसासारखं झालं. मी आपलं मनात आलं ते लिहिलं.

२७ तारखेला शुक्रवारी निघतो. वादळ असलं तर असू दे. वाइल म्हणतो, मग तर नक्कीच जायचं.

सनिया


अलेक्झांड्रिया, १५ जानेवारी १९८९

सनियाताई,

तुमच्या प्रश्नांची उत्तरं देते.

लॉजवर कुटुंबं उतरतात, एकटे पुरुषही उतरतात. सध्या एक निवृत्त शिक्षक आहेत, मुलींना कॉलेजात घालायला आलेले दोन बाप आहेत आणि तांता गावचा एक सुताचा व्यापारी आहे, तो रात्रीचं जेवण झाल्या झाल्या घोरायला लागतो. हाजीणबाईंना मी चांगली ओळखते. त्यांनी माझ्या शब्दाखातर भाडं कमी केलंय. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही.

आता माझा एक प्रश्न. तुम्ही मला दोन पत्रं लिहिलीत. रीहामची चौकशी केलीत, माझ्या दुपारची केलीत, वरच्या मजल्यावरच्या खलाशांचीसुद्धा केलीत. भावाची एका शब्दाने केली नाहीत. मी सलाम कळवला, त्यालाही उत्तर नाही. लग्नानंतरची दहा वर्षं तुमच्या प्रत्येक पत्राची सुरुवात 'माझ्या रगबला दम्याचा त्रास आहे, त्याला सांभाळ' अशी असायची.

म्हणजे ते माझ्याजवळ नाहीत हे तुम्हाला आधीच माहीत आहे.

नाही, घरात गिलावा चाललेला नाही. रगब गेल्या रमजानमध्ये घर सोडून गेले. दमनहूरला दुसरा संसार थाटलाय. मला लाज वाटली म्हणून खोटं लिहिलं. तुम्ही कशासाठी गप्प बसलात ते तुम्हीच सांगा.

मुलांना समुद्र दाखवायचा असेल तर या, खोली तुमच्यासाठी ठेवलेली आहे. दुसरं काही काम असेल तर ते पत्रात लिहा, गाडीभाडं कशाला घालवता?

इग्लाल


मिनिया, २० जानेवारी १९८९

प्रिय इग्लाल,

तुझं पत्र मिळालं. रगबने आम्हाला यातलं एक अक्षर कळवलं नाही. अल्लाची शपथ, मला काही माहीत नव्हतं. त्याचं नाव आलं नाही ते घाईत राहिलं असेल, तीन मुलांच्या गलक्यात पत्र लिहिताना माणूस काय काय विसरतं. तू जरा जास्तच मनाला लावून घेतेस.

आम्ही मुलांसाठीच येतोय. शुक्रवारी दुपारची गाडी. स्टेशनवर येऊ नकोस, आम्ही ट्रामने पोहोचू. वाइलला थांबे पाठ आहेत.

सनिया


अलेक्झांड्रिया, २ फेब्रुवारी १९८९

सनियाताई,

मंगळवारी जायचं ठरलं होतं, तुम्ही सोमवारी सकाळीच गेलात. मी अंडी आणायला खाली उतरले होते, परत आले तर खोली रिकामी. उशीवर चार रात्रींचं भाडं. रीहामने अबीरसाठी शिंपल्यांची माळ ओवायला घेतली होती, ती अर्धीच राहिली. दिवसभर ती मला विचारत होती, तिच्या हातून काय चुकलं.

माझ्या हातून काय चुकलं ते मला माहीत आहे. शनिवारी वादळात तुम्ही सगळे अडकलात, हुसामला भूक लागली आणि अबीर चहाचं पाणी मागायला स्वयंपाकघरात आली. मी तिथे वीस माणसांची ताटं घासत होते. तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हटलं, हाजीणबाईंना बरं नाही म्हणून मदत करते. तुम्ही माझ्या हातांकडे बघितलंत. मी इथे नोकरी करते, ताई. जूनपासून.

तरी रविवारी मला वाटलं, आता सगळं ठीक आहे. ट्रामच्या वरच्या मजल्यावर वाइल प्रत्येक थांबा ओरडून सांगत होता आणि कंडक्टर त्याला म्हणाला, 'उद्यापासून तूच ये रे कामावर.' तुम्ही इतक्या हसलात की डोळे पुसावे लागले. मला वाटलं, माझाच संशय खोटा. रात्री झोपताना तुमच्याबद्दल मनात आणलं म्हणून देवाची माफी मागितली.

सोमवारी तुमची खोली झाडायला मीच गेले. गादी उचलली तर खाली घडी केलेला कागद. अक्षर ओळखायला मला वेळ लागला नाही, अकरा वर्षं त्या अक्षरातल्या वाणसामानाच्या याद्या वाचल्यात मी.

'लॉजचं नाव काय. ती किती वाजता येते, किती वाजता जाते. तिथे कोण पुरुष राहतात, नावं मिळाली तर उत्तम. मुलगी कुठे झोपते. मुलीलाच बाजूला घेऊन विचार, ती सांगेल.'

चार प्रश्नांपुढे पेन्सिलीने खुणा आहेत. पाचव्यापुढे नाही. म्हणजे माझ्या लेकीला तेवढं विचारायचं राहिलं, की विचारलंत आणि खूण करायची राहिली?

मार्चमध्ये कोर्टात तारीख आहे. रीहाम मला सांभाळता येत नाही असं रगबनी लिहून दिलंय. साक्षीदार कोण ते मला आतापर्यंत कळत नव्हतं.

कागद माझ्याकडे आहे. तो परत मिळणार नाही.

इग्लाल


मिनिया, ९ फेब्रुवारी १९८९

इग्लाल,

कागद मी परत मागत नाही. जपून ठेव.

तुझ्या पत्राला जसंच्या तसं खरं उत्तर देते, आधी तसं दिलं नव्हतं. रगब नोव्हेंबरमध्ये इथे आला होता. संत्र्यांची करंडी, मुलांना बूट, सगळं घेऊन. माझ्याजवळ बसून रडला. म्हणाला, तू त्याला घराबाहेर काढलंस, कुठल्याशा लॉजवर परक्या पुरुषांत वावरतेस, पोर वाऱ्यावर आहे. म्हणाला, 'बाहेरच्या दहा जणांपेक्षा घरच्या एका माणसाचं जज ऐकतो. तू रीहामची आत्या आहेस. एकदा जाऊन डोळ्यांनी बघून ये.' मुलांना समुद्र बघायचाच होता. मी म्हटलं, दोन्ही कामं होतील.

मी त्याच्यावर विश्वास का ठेवला ते सांगते. मला तो ठेवायचाच होता. आमच्या घरात तो एकटा मुलगा. तू त्याला समुद्राकडे घेऊन गेलीस आणि नंतर तो वर्षातून एकदा, तोही पाहुण्यासारखा यायला लागला. तुझं बोलणं आमच्यापेक्षा निराळं, हसणं मोकळं. मी अकरा वर्षं तुझ्यात खोट शोधत होते, त्याने आयती आणून हातात दिली. काय काय विचारायचं ते त्याने मला पढवलं. स्वतःची खुशाली विचारायला मात्र सांगितलं नाही, आणि तुला ते बरोबर दिसलं.

अल्लाची खोटी शपथ घेतली त्याचा हिशोब मी आणि अल्ला बघून घेऊ.

आता रविवारचं. ट्राममधून आल्यावर हुसाम खोलीच्या दाराच्या मागे लपला आणि मला हाक मारली, 'आई, इथे कुणीतरी भिंत मोजलीय.' चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. खालच्या रेघेशी लिहिलं होतं, रीहाम, जून. वर, रीहाम, ऑक्टोबर. त्याच्या वर, रीहाम, नवं वर्ष.

तू नमाजाला बसली होतीस. मी हाजीणबाईंकडे गेले. विचारलं, 'ही खोली कुणाची आहे?'

त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, 'ती जिच्या शब्दावर तुम्हाला मिळाली, तिचीच. नवऱ्याने घराची पागडी घेऊन हिला रस्त्यावर आणली तेव्हापासून. तुमच्याकडून अर्धंच भाडं घ्या म्हणाली, म्हणून चार पौंड.'

'मग त्या दोघी कुठे झोपतात?'

'इस्त्रीच्या खोलीत. गाद्या रचून ठेवतो त्यावर. पोरीला सांगितलंय, हा खेळ आहे, आत्याला कळू द्यायचं नाही.'

त्या रात्री मला त्या पलंगावर डोळा लागला नाही. वादळ चालू होतं आणि तुझ्या इस्त्रीच्या खोलीची काच खडखडत असल्याचं ऐकू येत होतं. सोमवारी तुला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही म्हणून पळाले. मंगळवारपर्यंत राहिले असते तर तुम्ही आणखी एक रात्र गाद्यांवर काढली असती, हेही मनात होतं. पण खरं कारण पहिलं.

रीहामला मी काही विचारलं नाही. विचारणार होते. शनिवारी ती माझ्याजवळ बसून हुसामच्या ओल्या मोज्यांना इस्त्री करत होती. म्हणाली, 'आत्या, तू आलीस म्हणून आई गाणं म्हणते.' मग मला विचारता आलं नाही.

कोर्टाचं समन्स मलाही आलंय. मी येईन, आणि जे बघितलं तेच बोलेन.

सनिया


अलेक्झांड्रिया, १६ फेब्रुवारी १९८९

सनियाताई,

पत्र तीनदा वाचलं. हाजीणबाईंनाही वाचून दाखवलं. त्या म्हणतात, बाई खरी दिसते. मी म्हटलं, २० जानेवारीलाही खरीच दिसत होती.

तुम्ही जे बघितलंत ते काय काय ते मला माहीत आहे. परके पुरुष बघितलेत, मला त्यांची ताटं घासताना बघितलंत, मुलगी गाद्यांच्या ढिगावर झोपते हे ऐकलंत. त्यातला शब्दही न बदलता माझ्यावर उलटवता येतो. रगबचा वकील हुशार आहे असं म्हणतात.

तारीख १४ मार्च, मंगळवार. तुम्ही कुणाच्या बाजूने बोलणार ते आता लिहू नका. लिहिलंत तरी मी त्यावर विसंबणार नाही.

इग्लाल


अलेक्झांड्रिया, १७ मार्च १९८९

सनियाताई,

त्या दिवशी कोर्टाबाहेर मला बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही रगबच्या बाजूच्या बाकावर बसलात. फतहीभाई तुमच्या शेजारी, मान खाली घालून. रगबनी तुम्हाला पाण्याची बाटली दिली आणि तुम्ही घेतलीत. तेव्हाच मी मनात म्हटलं, झालं. वकिलाने तुमचं नाव पुकारलं तेव्हा हाजीणबाईंनी माझा हात धरला होता, त्या अजून दाखवतात, माझी नखं कुठे रुतली ते.

वकिलाने विचारलं, लॉजवर परके पुरुष राहतात हे खरं का. तुम्ही म्हणालात, खरं आहे. बाई तिथे मोलाने काम करते हे खरं का. खरं आहे. मुलीला स्वतःची खोली नाही, ती अडगळीत गाद्यांवर झोपते हे खरं का. तुम्ही म्हणालात, तीन रात्री झोपली. मी उठून जाणार होते.

मग तुम्ही जजसाहेबांकडे वळलात. ते शब्द मला पाठ आहेत, कारण त्यांनी कारकुनाला ते दोनदा लिहायला लावले.

'साहेब, त्या तीन रात्री त्यांच्या पलंगावर मी झोपले होते. मला याने हिच्यात खोट शोधायला पाठवलं होतं. हिला त्याचा संशय आला होता, तरी माझी पोरं थंडीत कुठे राहतील म्हणून हिने स्वतःची खोली दिली, आणि आपली पोर कुशीत घेऊन गाद्यांवर झोपली. तिथे पुरुष पुष्कळ होते. फक्त त्या मुलीचा बाप मला कुठे दिसला नाही.'

निकाल तुम्ही ऐकलातच. रीहाम माझ्याकडे राहील. राहत्या घराचा बंदोबस्त बापाने करायचा. तो ते करील याची मला खात्री नाही, पण कागदावर आलं आहे.

पायऱ्यांवर रगब तुम्हाला काय म्हणाले तेही मी ऐकलं. 'आजपासून मला बहीण नाही.' मी दोन पावलं मागेच होते. तुम्ही वळून काहीतरी बोलाल असं वाटलं. तुम्ही शाल सारखी केलीत आणि फतहीभाईंना विचारलंत, परतीची तिकिटं कुणाच्या खिशात आहेत. मला तेव्हा पुढे यायला हवं होतं. आले नाही. शेवटच्या क्षणापर्यंत मला वाटत होतं, यातही काहीतरी डाव असेल. गाडी सुटायच्या वेळेला मी लॉजच्या स्वयंपाकघरात चूल पेटवत होते, आणि एकदम कळलं की डाव नव्हता. तेव्हा खूप रडले. तुम्हाला एकच भाऊ होता.

तलाकचा कागदही आला आहे. म्हणजे आता तुम्ही माझ्या नणंद नाही. पत्राच्या वर 'सनियाताई' लिहिताना हात थांबला होता. मग लिहिलं.

जुलैमध्ये मुलांना घेऊन या. उन्हाळ्यात भाडी चढतात हे मलाही माहीत आहे, पण हाजीणबाईंनी गच्चीवरची खोली साफ करायला काढली आहे. भाडं काय ते त्यांच्याशी बोला, मी मध्ये पडणार नाही.

रीहामला खाली चार ओळी लिहायला सांगितलं होतं. तिने एकच लिहिली. मी सुधारलेली नाही.

इग्लाल

'आत्या, या वेळी खरंच फिरायला ये.'